आफ्रिकान्स रंगभूमीवरचा शेक्सपिअर : ‘हॅम्लेट’ (१९४७) ते ‘टायटस आन्द्रॉनिकस’ (१९७०)

नेपथ्या :

भाषांतरित नाटकांचा विषय निघाला की आपल्याकडे ‘विकारविलसित’, ‘झुंझारराव’, ‘राजमुकुट’ ही नावे ओघाने येतातच. गेले काही महिने मी दक्षिण आफ्रिकेतील आफ्रिकान्स रंगभूमीविषयी मिळेल ते वाचते आहे. त्या भाषेत शेक्सपिअरची भाषांतरे कशी रंगमंचावर आली, कोणी आणली आणि कोणासमोर आणली, हा इतिहास मला इतका बोलका वाटला की तो इथे सविस्तर मांडल्याशिवाय राहवेना.

थोडी पार्श्वभूमी आधी सांगते. १६५२ साली डच ईस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाजवळ केपला ठाणे वसवले. तिथे डच वसाहतवाले, स्थानिक खोइखोइ लोक आणि इंडोनेशिया, बंगाल, मलबार, मादागास्कर, मोझांबिक अशा ठिकाणांहून आणलेले गुलाम एकमेकांशी जे बोलू लागले, त्यातून आफ्रिकान्स घडली. ‘पुष्कळ’ या अर्थाचा तिचा रोजच्या वापरातला शब्द ‘बाये’ हा मलायमधून आलेला आहे आणि केळ्याला ती ‘पीसांग’ म्हणते तेही मलायच. सुशिक्षित लोक तिला ‘स्वयंपाकघरातली भाषा’ म्हणून हिणवत असत. १८७५ मध्ये पार्ल गावी तिच्या पुरस्कर्त्यांची संस्था निघाली, १९२५ मध्ये तिला राजभाषेचा दर्जा मिळाला आणि १९३३ मध्ये संपूर्ण बायबल तिच्यात आले. मात्र ही चळवळ पुढे नेणाऱ्या गोऱ्या मंडळींनी एक गोष्ट हळूहळू पुसून टाकली. ज्या गुलामांच्या आणि नोकरांच्या तोंडी ही भाषा रुळली, त्यांचा तिच्यावरचा हक्कच त्यांनी नाकारला. पुढचा सगळा इतिहास या नाकारण्याच्या सावलीत घडला आहे.

बायबलनंतर पाळी शेक्सपिअरची होती. कायद्याचे प्राध्यापक एल. आय. कूर्ट्से यांनी ‘हॅम्लेट’चे भाषांतर केले. ते १९४५ साली छापले गेले आणि १९४७ साली आंद्रे ह्यूगनेट या नटाने ते रंगमंचावर आणून स्वतः हॅम्लेट उभा केला. आफ्रिकान्स भाषेतला रंगमंचावरचा शेक्सपिअर म्हणून या प्रयोगाला मोठे स्थान आहे. ह्यूगनेट हा काही विद्यापीठाच्या सभागृहातला नट नव्हता. १९२६ च्या सुमारास पॉल द ख्रूट या डच नटाच्या फिरत्या मंडळीत तो दाखल झाला आणि आडगावच्या नगरगृहांत, चर्चच्या सभागृहांत, मिळेल त्या व्यासपीठावर नाटके करीत वाढला. आपल्या किर्लोस्कर किंवा गंधर्व मंडळींचे बिऱ्हाड जसे गावोगाव हिंडे, तसेच हे हिंडणे होते. शेतकऱ्यांना हसवणारी आणि रडवणारी नाटके केलेल्या या माणसाला हॅम्लेट करावासा वाटला, यामागे नटाची आस तर होतीच, पण ‘आमच्या भाषेत हेही होते’ असे दाखवून देण्याची समाजाची ओढही होती. त्याच १९४७ साली इंग्लंडचे राजे सहकुटुंब दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर येऊन गेले होते, त्याच वर्षी सरकारी मदतीवर चालणारी राष्ट्रीय नाट्यसंघटना स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, मे १९४८ मध्ये, नॅशनल पार्टी सत्तेवर येऊन वर्णभेदाला कायद्याची चौकट मिळाली. हॅम्लेटचे आफ्रिकान्स बोलणे नेमके या उंबरठ्यावर ऐकू आले.

आता २३ वर्षे पुढे येऊ. १९७० साली केप टाउनच्या हॉफमेयर थिएटरमध्ये केप प्रांताच्या सरकारी नाट्यमंडळाने ‘टायटस आन्द्रॉनिकस’ सादर केले. दिग्दर्शक डीटर राइब्ले हे जर्मन होते आणि भाषांतर ब्रेटन ब्रेटनबाख यांचे होते. तोवर ते आफ्रिकान्समधले सर्वांत चर्चेतले तरुण कवी झालेले होते आणि पॅरिसमध्ये राहत होते. ते पॅरिसला होते, कारण त्यांची पत्नी योलांद व्हिएतनामी वंशाची होती. १९४९ च्या मिश्रविवाहबंदी कायद्यानुसार त्यांच्या लग्नाला त्यांच्या मायदेशात काही किंमत नव्हती, आणि १९६४ च्या त्यांच्या पहिल्या पुस्तकांना पुरस्कार मिळाला तेव्हा पत्नीला देशात येण्यासाठी व्हिसा नाकारला गेला. ज्या १९७० साली हे भाषांतर रंगमंचावर आले, त्याच साली त्यांनी ‘यान ब्लॉम’ या टोपणनावाने ‘लोटस’ नावाचा प्रेमकवितांचा संग्रह प्रसिद्ध केला. त्या कविता पत्नीला उद्देशून आहेत.

या माणसाच्या हाती शेक्सपिअरचे कोणते नाटक आले ते पाहा. ‘टायटस’मध्ये रोमची गोरी सम्राज्ञी टॅमोरा आणि आरॉन नावाचा काळा मूर यांच्या संबंधातून एक काळे बाळ जन्माला येते. चौथ्या अंकात दाई ते बाळ कापडात गुंडाळून आणते आणि आईचा निरोप सांगते, की याला खंजिराच्या टोकाने संपवावे. टॅमोराचा मोठा मुलगा, म्हणजे त्या बाळाचाच सावत्र भाऊ, तलवार काढतो. आतापर्यंत नाटकभर दुष्टपणाच करीत आलेला आरॉन बाळ हिसकावून घेतो आणि विचारतो, काळा रंग इतका हीन आहे का? नाटकातला सर्वांत क्रूर माणूस त्या क्षणी नाटकातला एकमेव बाप ठरतो. ज्या देशात हा संबंध तुरुंगवासाचा गुन्हा होता, तिथे सरकारच्या पैशाने, सरकारच्या लाडक्या भाषेत हा प्रश्न उच्चारला गेला. १९४७ च्या भाषांतराने भाषेची ऐपत सिद्ध केली होती, आणि १९७० च्या भाषांतराने त्याच भाषेला तिच्या घरातला प्रश्न विचारला. माझ्या लेखी या दोन प्रयोगांमधले अंतर म्हणजेच आफ्रिकान्स नाटकाचे वयात येणे आहे.

इतरांची मते वाचायला आवडतील.

शब्दवेल्हाळ :

फार चांगला धागा. मला थोडी डच येते आणि त्या आधारावर आफ्रिकान्स वाचता येते, म्हणून भाषांतरकारापुढच्या अडचणींबद्दल लिहितो. अशा चर्चांत बहुतेक वेळा भाषांतरकाराचे नाव घेतले जाते आणि त्याचे काम तसेच राहून जाते.

आफ्रिकान्सने डच भाषेतली बहुतेक रूपे टाकून दिली आहेत. ‘मी आहे, तू आहेस, तो आहे’ या तिन्ही ठिकाणी तिच्यात एकच ‘इस’ चालते. त्यामुळे ती शिकायला सोपी आणि बोलायला चपळ आहे, पण छंदात बांधायला निघालात की तिचे दोन स्वभाव आडवे येतात. पहिला म्हणजे दुहेरी नकार. ‘मी राजा नाही’ हे तिच्यात ‘एक इस नी दी कोनिंग नी’ असे होते आणि वाक्याच्या शेवटी तो दुसरा ‘नी’ यावाच लागतो. हॅम्लेटच्या सुप्रसिद्ध स्वगताची पहिली ओळ सरळ व्याकरणाने मांडली तरी शेवटचा ‘नी’ तिला चिकटतो आणि इंग्रजीत ओळीच्या मध्यावर जो श्वास आहे तो पुढे सरकतो. आपल्याकडे ‘जगावं की मरावं’ म्हणून शिरवाडकरांनी क्रियापदेच बदलली आणि अर्थही अधिक ठाम केला. ती मोकळीक घ्यायची की नाही, हा प्रश्न प्रत्येक भाषेतल्या भाषांतरकारापुढे असतो.

दुसरी अडचण भूतकाळाची आहे. दोन-चार साहाय्यक क्रियापदे सोडली तर आफ्रिकान्समध्ये साधा भूतकाळ उरलेला नाही. इंग्रजीत ‘मारले’ यासाठी एका अक्षराचा शब्द पुरतो, पण आफ्रिकान्समध्ये आधी ‘हेत’ येते, मग कर्म येते आणि शेवटी मुख्य क्रियापद येते. ‘हाइ हेत सइ सेउन डोअटखमाक’ म्हणजे ‘त्याने आपल्या मुलाला ठार केले’. दहा अक्षरांच्या ओळीत दहापैकी तीन-चार अक्षरे अशी क्रियापदातच खर्ची पडतात. याचा एक लाभही आहे आणि तो मराठी माणसाला चटकन कळेल. क्रिया शेवटी येते, त्यामुळे त्या मुलाचे काय केले हे ऐकणाऱ्याला अखेरच्या शब्दापर्यंत कळत नाही. नाटकाचा नायक, रोमन सेनापती टायटस याला एकूण २५ मुलगे होते. त्यांपैकी २१ युद्धांत गेले आणि उरलेल्या चौघांतल्या म्यूशियसला तो पहिल्याच अंकात स्वतःच्या हाताने मारतो. अशा नाटकात वाक्याच्या टोकाला पडणारे क्रियापद नटाच्या हातात मोठेच हत्यार देते.

सर्वनामांचाही मुद्दा आहे. शेक्सपिअरमध्ये एकेरी आणि आदरार्थी अशी दोन संबोधने आहेत, आजच्या इंग्रजीने त्यातले एक गमावले. आफ्रिकान्सकडे एकेरी ‘येय’ आणि आदराचे ‘ऊ’ ही दोन्ही आहेत. शिवाय जुन्या वळणाच्या आफ्रिकान्स घरात मूल वडिलांना सर्वनामाने हाक मारीतच नाही. ‘पा कॉफी घेणार का?’ असे ते ‘पा’लाच विचारते, जसे आपण ‘बाबा चहा घेणार का?’ म्हणतो. परक्या माणसालाही वयाप्रमाणे ‘ओअम’ किंवा ‘तान्नी’, म्हणजे काका किंवा मावशी म्हटले जाते. टायटसची मुलगी लाव्हिनिया त्याला काय म्हणते, यावरून त्या भाषेतल्या प्रेक्षकाला रोमन सेनापती दिसेल की प्लातलांदमधला, म्हणजे ग्रामीण भागातला, कर्मठ शेतकरी बाप दिसेल, हे ठरते.

उत्तररात्र :

मूळ लेखात एक भर घालणे आवश्यक वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या भाषांत शेक्सपिअर आणण्याचा मान पहिल्यांदा आफ्रिकान्सला मिळाला अशी समजूत या लेखावरून होऊ शकते, आणि ती चुकीची ठरेल. सोल प्लाइकी यांनी ‘कॉमेडी ऑफ एरर्स’चे सेत्स्वाना भाषांतर १९३० साली छापले होते, म्हणजे कूर्ट्से यांच्या ‘हॅम्लेट’च्या १५ वर्षे आधी. त्यांचे ‘ज्यूलिअस सीझर’ त्यांच्या निधनानंतर १९३७ साली प्रसिद्ध झाले. प्लाइकी हे आफ्रिकन नॅशनल काँग्रेसचे पहिले सरचिटणीस होते, पत्रकार होते आणि त्यांना अनेक भाषा उत्तम येत होत्या. त्यांच्यामागे सरकारी नाट्यसंघटना नव्हती की अनुदान नव्हते. कूर्ट्से यांच्या भाषांतराला नट, मंडळी, प्रेक्षक आणि लवकरच राज्यसत्ता लाभली आणि प्लाइकींच्या भाषांतराला छापखानासुद्धा खटपटीने मिळाला. ‘आमच्या भाषेत हेही होते’ ही ओढ दोघांचीही सारखीच होती. एका भाषेच्या ओढीला इमारत मिळाली आणि दुसरीला मिळाली नाही, हे नोंदवल्याशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

तालीममास्तर :

मी हौशी रंगभूमीवर चाळीसेक वर्षे काम करतो आहे, राज्य नाट्य स्पर्धेत नाटके बसवली आहेत. त्या अनुभवातून एक शंका विचारतो, आणि ती विरोधासाठी विचारत नाही. ‘टायटस’ हे शेक्सपिअरचे सर्वांत रक्तरंजित नाटक आहे. हात तुटतात, जीभ छाटली जाते, मुलांच्या मांसाची पोळी आईला वाढली जाते. १९५५ साली पीटर ब्रूक यांनी लॉरेन्स ऑलिव्हिए यांना घेऊन ते स्ट्रॅटफर्डला बसवले आणि तेव्हापासून युरोपातल्या तरुण दिग्दर्शकांना या नाटकाचे आकर्षण वाटू लागले. तेव्हा जर्मन दिग्दर्शकाने १९७० साली ते निवडले यात त्या काळच्या युरोपीय रंगभूमीचा कल अधिक नसेल कशावरून? आपण नंतरचा इतिहास जाणतो, म्हणून मागे वळून त्यात विद्रोह वाचतो असे तर होत नाही ना? आणि दुसरे असे, की प्रेक्षागृहात बसलेले सगळे गोरे, रंगमंचावरचे नट गोरे, मग आरॉनचा प्रश्न नेमका कोणाला विचारला गेला?

नेपथ्या :

उत्तररात्र, तुमची दुरुस्ती पूर्णपणे मान्य आहे आणि त्याबद्दल मनापासून आभार. मूळ लेखात प्लाइकींचा उल्लेख यायलाच हवा होता.

तालीममास्तर, तुमच्या शंकेचा दुसरा भाग मला अधिक महत्त्वाचा वाटतो, म्हणून आधी तो घेते. १९६५ च्या सरकारी घोषणेनंतर मिश्र प्रेक्षकांवर बंदी होती आणि सरकारी मंडळांच्या नटसंचात गोऱ्यांनाच जागा होती. आरॉनची भूमिकाही त्यामुळे गोऱ्या नटाकडेच जाणार हे ठरलेले होते. जे लोक केप टाउनच्या वस्त्यांत हीच भाषा जन्मापासून बोलत होते, ज्यांच्या घरांत आरॉनच्या बाळासारखी मुले पिढ्यान्‌पिढ्या वाढत होती, त्यांना तो प्रयोग पाहता आला नाही. हे त्या प्रयोगाचे मोठे उणेपण आहे आणि ते मी झाकणार नाही. तरीही प्रश्न कोणाला विचारला गेला याचे उत्तर सरळ आहे. ज्यांनी तो कायदा केला आणि ज्यांनी तो मुकाट्याने चालू दिला, त्यांनाच तो विचारला गेला, कारण सभागृहात तेच बसलेले होते.

पहिल्या भागाबद्दल म्हणाल, तर युरोपचा कल होताच. त्याच्या जोडीला एक स्थानिक कारणही होते. १९६३ साली अनेक ब्रिटिश आणि इतर देशांतल्या नाटककारांनी जाहीर केले, की जिथे प्रेक्षकांत वर्णभेद पाळला जातो त्या नाट्यगृहांना आपल्या नाटकांच्या प्रयोगाचे हक्क मिळणार नाहीत. परिणामी नवी परदेशी नाटके आटत गेली. नेमक्या त्याच सुमारास राष्ट्रीय नाट्यसंघटना मोडून चार प्रांतांची चार सरकारी मंडळे झाली होती आणि त्यांना वर्षभर नाटके हवी होती. शेक्सपिअर आणि ग्रीक नाटककार यांच्या हक्कांसाठी कोणाला विचारावे लागत नव्हते. म्हणून आफ्रिकान्समध्ये अभिजात नाटकांची भाषांतरे करून घेण्याकडे मंडळे वळली आणि ती करायला त्यांनी त्या पिढीतले उत्तम कवी गाठले. या कवींमधलेच काही सरकारला सर्वांत नकोसे होते. ऑइस क्रीगे हे उघडपणे उदारमतवादी होते, त्यांनी स्पॅनिश कवींनाही आफ्रिकान्समध्ये आणले होते, आणि त्यांच्याकडून ‘ट्वेल्फ्थ नाइट’ व ‘किंग लिअर’ आले. ब्रेटनबाख यांच्याकडून ‘टायटस’ आले. बहिष्कारामुळे दारे बंद झाली आणि त्या बंद दारांच्या आतल्या हवेत ही भाषांतरे झाली. जिवंत परदेशी नाटककारावर बंदी घालणे सोपे असते, पण शेक्सपिअरवर ती कशी घालणार?

विद्रोह आपण मागाहून वाचतो का, या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की भाषांतरकाराचे आयुष्य आपल्याला त्याआधीच सगळे सांगून मोकळे झाले होते. सावत्र भावाची तलवार बाळावर उगारलेली असताना बापाने काय म्हणावे, याचे शब्द जो माणूस आपल्या मातृभाषेत शोधत होता, त्याच्या स्वतःच्या लग्नाला त्या भाषेच्या राज्यात मान्यता नव्हती.

केपकर :

मी अकरा वर्षे केप टाउनला नोकरीनिमित्त राहिलो आहे, त्यामुळे ‘किंग लिअर’ची जागा डोळ्यांनी पाहिलेली आहे. ऑइस क्रीगे यांचे ‘कोनिंग लिअर’ १९७१ साली नीको मालान थिएटरच्या उद्घाटनाच्या काळात सादर झाले. समुद्र हटवून तयार केलेल्या जमिनीवर, फोरशोअर भागात, काँक्रीटची ही प्रचंड इमारत उभी आहे. आत झुंबरे, गालिचे आणि मोठे जिने आहेत. उद्घाटन झाले तेव्हा तिथे फक्त गोऱ्यांना प्रवेश होता. वस्तीतून उठवलेल्या लोकांच्या कराचे पैसे त्या इमारतीत होतेच, आणि तिथून जवळच असलेल्या डिस्ट्रिक्ट सिक्समधून त्याच वर्षांत हजारो कुटुंबांना उठवून दूरच्या केप फ्लॅट्सवर नेले जात होते. म्हाताऱ्या राजाला वादळात घराबाहेर काढणारे नाटक त्या शहरात, त्या घडीला, नवीन कोऱ्या नाट्यगृहात चालू होते. लोकांनी या नाट्यगृहावर बहिष्कार घातला आणि १९७५ साली ते सर्वांना खुले झाले. आता त्याचे नाव आर्टस्केप आहे.

मी तिथे एक आफ्रिकान्स नाटक पाहायला गेलो होतो. भाषा निम्मी कळत होती. शेजारी सत्तरीच्या पुढच्या एक बाई होत्या. मी त्यांना ‘तान्नी’ म्हटले तेव्हा त्यांना नवल वाटले आणि त्या मोकळेपणाने बोलू लागल्या. मध्यंतरात त्यांनी सांगितले, की दार उघडल्यानंतरही त्यांच्या वडिलांनी कित्येक वर्षे घरातल्या कोणाला तिथे पाऊल टाकू दिले नव्हते. घरी आम्ही हीच भाषा बोलत होतो, वडील रात्री जेवणानंतर मोठ्याने वाचून दाखवायचे, असे त्या म्हणाल्या. त्यांच्या हातात तिकिटाचा अर्धा भाग होता आणि तो त्यांनी जपून पर्समध्ये ठेवला.

शब्दवेल्हाळ :

केपकर, तुम्ही लिहिलेले वाचून ‘हीच भाषा’ या दोन शब्दांवर थांबलो. बाईंच्या घरातली आफ्रिकान्स आणि कूर्ट्से यांच्या ‘हॅम्लेट’ची आफ्रिकान्स यांत बराच फरक असणार. केपच्या वस्त्यांतल्या बोलीला आज ‘काप्स’ म्हणतात. अॅडम स्मॉल यांनी १९६५ मध्ये छापलेल्या ‘कान्ना हाइ कोअ हाइस्तू’ या नाटकात ती बोली पूर्ण ताकदीने आली. ते नाटक मूळचेच आफ्रिकान्स आहे, भाषांतरित नाही, त्यामुळे या धाग्यात त्यावर अधिक लिहीत नाही. मात्र शेक्सपिअरसाठी प्रमाण, धुतलेली भाषा आणि वस्तीच्या दुःखासाठी बोली, अशी जी वाटणी झाली, ती आपल्याला परकी नाही. ब्रेटनबाख यांना ही वाटणी मान्य नव्हती. १९७३ साली, तीन महिन्यांच्या परवान्यावर पत्नीसह मायदेशी आले असताना, केप टाउन विद्यापीठातल्या भाषणात त्यांनी भरसभेत सांगितले, की आपण संकरित लोक आहोत, आपली भाषा संकरित आहे आणि त्यात वाईट काही नाही. वाईट हे, की आपण शुद्धतेच्या भ्रमात राहतो. तीन वर्षांपूर्वी त्यांनी आरॉनला जे बोलायला लावले होते, तेच आता ते स्वतःच्या नावाने बोलले.

उत्तररात्र :

पुढच्या काळाविषयी दोन गोष्टी लिहितो.

१६ जून १९७६ रोजी जोहान्सबर्गजवळच्या सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतली शाळकरी मुले रस्त्यावर आली ती आफ्रिकान्स माध्यमाच्या सक्तीविरुद्ध. त्यानंतर काही दिवसांतच जोहान्सबर्गमध्ये जुन्या भाजीबाजाराच्या इमारतीत मार्केट थिएटर सुरू झाले. या बाजाराला ‘इंडियन फ्रूट मार्केट’ म्हणत, कारण तिथले बरेच विक्रेते भारतीय होते. १९९५ साली, लोकशाही आल्याच्या दुसऱ्या वर्षी, याच मार्केट थिएटरमध्ये ‘टायटस’ पुन्हा उभे राहिले. दिग्दर्शक ग्रेगरी डोरान होते. केप टाउनमध्ये वाढलेले आणि इंग्लंडमध्ये नाव मिळवलेले अँटनी शेर टायटस होते आणि आरॉन होते सेलो माके का-न्क्यूबे. संहिता इंग्रजीतच होती, पण उच्चार दक्षिण आफ्रिकेचे होते. शेर यांनी टायटस उभा केला तो आफ्रिकानर, म्हणजे आफ्रिकान्स बोलणाऱ्या गोऱ्या, सेनापतीच्या हेलाने बोलणारा. इंग्रजीच्या शुद्ध उच्चारांची सवय असलेल्या तिथल्या प्रेक्षकांना आणि समीक्षकांना ते रुचले नाही, प्रेक्षागृहे अर्धी रिकामी राहिली आणि वर्तमानपत्रांतून मोठा वाद झाला. पुढे तोच प्रयोग लंडनला नॅशनल थिएटरमध्ये गेला. १९७० साली आफ्रिकान्स शब्द होते आणि आरॉन काळा नव्हता, १९९५ साली आरॉन काळा होता आणि आफ्रिकान्सचा फक्त हेल उरला होता. दोन्ही एकत्र आलेला ‘टायटस’ मला पाहायला आवडला असता.

दुसरी गोष्ट रॉबेन बेटावरच्या तुरुंगातली. दरबानच्या सनी वेंकटरत्नम या राजकीय कैद्याकडे शेक्सपिअरच्या समग्र नाटकांचे इंग्रजी पुस्तक होते. पहारेकऱ्यांनी ते काढून घेऊ नये म्हणून त्यांनी त्यावर दिवाळीची शुभेच्छापत्रे चिकटवली होती, म्हणजे देवांची चित्रे पाहून ते धर्मग्रंथ समजले जावे. सहकैद्यांनी आपापल्या आवडत्या ओळींजवळ सह्या केल्या. मंडेला यांनी ‘ज्यूलिअस सीझर’मधल्या भ्याडांच्या मरणाविषयीच्या ओळींजवळ १६ डिसेंबर १९७७ ही तारीख घालून सही केली. १६ डिसेंबर हा तेव्हा आफ्रिकानर समाजाचा पवित्र दिवस मानला जाई. त्याच तुरुंगात मंडेला आफ्रिकान्स शिकत होते.

तालीममास्तर :

नेपथ्याताई, तुमचे उत्तर पटले. बहिष्कार, हक्क आणि मंडळांची गरज यांची सांगड तुम्ही घातलीत ती मला ठाऊक नव्हती.

नेपथ्या :

आभारी आहे. ब्रेटनबाख यांच्याविषयी एक गोष्ट राहिली होती. ती लिहायची की नाही यावर मी विचार करीत होते, पण या नाटकाच्या संदर्भात ती टाळता येत नाही. टायटस आपले मुलगे रोमच्या युद्धांना वाहतो. ब्रेटनबाख यांचे थोरले बंधू यान हे दक्षिण आफ्रिकेच्या सैन्यातल्या विशेष दलाचे संस्थापक सेनानी होते. एकाच घरातला एक मुलगा राज्यासाठी लढत होता आणि दुसरा त्या राज्याच्या विरोधात गेला. १९७५ साली ब्रेटनबाख खोट्या पारपत्रावर देशात आले, पकडले गेले आणि त्यांना नऊ वर्षांची शिक्षा झाली. सुरुवातीचा बराच काळ ते प्रिटोरियाच्या तुरुंगात एकांतकोठडीत होते. डिसेंबर १९८२ मध्ये त्यांची सुटका झाली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅरिसला त्यांचे निधन झाले.

शेक्सपिअर पुढेही आफ्रिकान्समध्ये होत राहिला. १९९४ नंतर प्रांतांच्या मंडळांचे अनुदान आटले आणि नाटके औट्सहोर्न, पॉचेफस्ट्रूम, स्टेलेनबॉश अशा गावांतल्या कलामहोत्सवांत गेली. मार्टिनुस बासोन यांनी ‘मॅकबेथ’ बसवले ते याच काळात. त्यावर स्वतंत्र धागा काढावा लागेल.

तालीममास्तर :

अवश्य काढा. तोवर बसवणाऱ्याच्या नजरेने एक गोष्ट सांगतो. काल रात्री ‘टायटस’ची संहिता पुन्हा काढून पाचवा अंक वाचला. बाळाला जिवंत ठेवून वाढवीन अशी शपथ टायटसचा मुलगा ल्यूशियस आरॉनला देतो आणि त्या बदल्यात आरॉन सगळे गुन्हे कबूल करतो. शेवटच्या प्रवेशात टायटसचा भाऊ मार्कस लोकांना म्हणतो, हे बाळ पाहा. त्यानंतर आरॉनला छातीपर्यंत जमिनीत पुरून उपाशी मारण्याची आज्ञा होते, टॅमोराचे प्रेत पशुपक्ष्यांपुढे टाकण्याची आज्ञा होते आणि नाटक संपते. बाळाचे पुढे काय झाले, याविषयी संहितेत एक शब्दही नाही. म्हणजे पडदा पडताना ते कोणाच्या हातात आहे, झाकलेले आहे की उघडे, रडते आहे की गप्प, हे सगळे तालमीत ठरवावे लागते. मी बसवले तर ते लाव्हिनियाच्या आत्याच्या वयाच्या एखाद्या दासीच्या हातात देईन, तिला रंगमंचाच्या मध्यावर उभी करीन आणि ल्यूशियस बोलत असताना एकानेही तिच्याकडे पाहू नये असे सगळ्या नटांना सांगीन.